व्हेनिसचे पाहुणे आणि व्हेनिसची माणसे

मराठी वाचकाची व्हेनिसशी पहिली ओळख होते ती बहुधा शायलॉकमुळे. क्रमिक पुस्तकातून तो आणि पोर्शिया आपल्याला भेटतात. पौंडभर मांसाचा करार, करुणेवरचे भाषण आणि न्यायालयातली ती चतुर कोंडी हे सारे परीक्षेपुरते का होईना आपल्या लक्षात राहते. याच नाटकातल्या एका लहानशा संवादाकडे मात्र वर्गात क्वचितच कोणाचे लक्ष जाते. तिसऱ्या अंकात अँटोनियोला पकडून नेले जात असताना त्याचा मित्र त्याला धीर देतो, की ड्यूक असला करार कधीच मान्य करणार नाही. अँटोनियो स्वतःच ही आशा खोडून काढतो. परक्यांना या नगरीत ज्या सवलती आहेत त्या आज नाकारल्या तर राज्याच्या न्यायबुद्धीलाच बट्टा लागेल, कारण इथला व्यापार आणि नफा सर्व देशांच्या माणसांवर उभा आहे, असे तो म्हणतो. मरणाच्या दारात उभा असलेला हा माणूस आपल्या नगरीचे अर्थशास्त्र सांगतो आहे. पुढे पोर्शिया ज्या कायद्याने शायलॉकला चीत करते तोही परक्यांविषयीचाच आहे: परक्याने नागरिकाच्या जिवावर उठू नये. परक्याला आधार देणारा आणि परक्याला परकाच ठेवणारा असे दोन्ही कायदे एकाच न्यायालयात, एकाच दुपारी वापरले जातात.

शेक्सपिअर व्हेनिसला गेल्याचा कोणताही पुरावा नाही. तरीही त्या नगरीचा कळीचा प्रश्न त्याने अचूक हेरला होता. जिचे पोट पाहुण्यावर भरते त्या नगरीने पाहुण्याशी वागावे कसे, हा तो प्रश्न. आज त्याला अतिपर्यटन असे नाव मिळाले आहे, आणि वृत्तपत्रांतून त्याची चर्चा होते ती जणू स्वस्त विमानप्रवास आणि मोबाइल फोन यांच्यापासूनच त्याचा जन्म झाला अशा थाटात. आम्हांला येथे त्याचा जुना इतिहास सांगायचा आहे. तो सांगताना एक गोष्ट साहित्याच्या विद्यार्थ्यांपुढे मुद्दाम ठेवायची आहे. व्हेनिसचा रहिवासी शहरातून नाहीसा होऊ लागला त्याच्या शे-सव्वाशे वर्षे आधी तो पुस्तकांतून नाहीसा झाला होता. पुस्तकांनी घरे रिकामी केली असे आमचे म्हणणे नाही. घरे रिकामी होण्याची कारणे वेगळी आहेत आणि त्यांकडे आम्ही येणारच आहोत. परंतु घरे रिकामी होत असताना जगाला त्यात काही वावगे वाटले नाही, याची तयारी पुस्तकांनी करून ठेवली होती.

आरंभ प्रजासत्ताकाच्या काळापासून करू. जर्मन व्यापाऱ्यांसाठी रिआल्तोच्या पुलाशेजारी तेराव्या शतकात एक वखार उभी राहिली. वखार हा शब्द आम्ही विचारपूर्वक वापरतो आहोत, कारण सुरतेच्या वखारींची कल्पना असलेल्या वाचकाला तिचे स्वरूप चटकन कळेल. व्हेनिसमध्ये तिला ‘फोंदाको’ म्हणत. हा शब्द मुळात अरबी ‘फुंदुक’ म्हणजे सराय यावरून आलेला. जर्मन व्यापाऱ्याने उतरायचे ते येथेच, माल ठेवायचा येथेच, आणि विकायचा तो व्हेनिसच्या दलालामार्फतच. रात्री दरवाजे बंद होत. १५०५ साली ही इमारत जळाली तेव्हा राज्याने ती तीन वर्षांत पुन्हा बांधून काढली आणि तिच्या भिंती रंगवायला जोर्जोने आणि तिशियन यांच्यासारखे चित्रकार लावले. पाहुण्याचा मान आणि पाहुण्यावरचा पहारा एकाच वास्तूत नांदत होते. १५१६ साली ज्यू रहिवाशांना ज्या बेटावर कोंडले गेले त्या बेटाच्या नावावरूनच ‘घेट्टो’ हा शब्द जगाला मिळाला. १६२१ पासून तुर्की व्यापाऱ्यांनाही त्यांची वेगळी वखार मिळाली. या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तिच्यात द्वेष होता, संशय होता आणि शुद्ध हिशेबीपणा होता. पण पाहुणा ही राज्याच्या कारभाराची बाब आहे, ती ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडून चालणार नाही, हे तिने ओळखले होते.

यात्रेकरूंच्या बाबतीत तर हे अधिकच स्पष्ट दिसते. चौदाव्या-पंधराव्या शतकांत पश्चिम युरोपातून जेरुसलेमला निघालेला यात्रेकरू बहुधा व्हेनिसहूनच जहाजात बसे. वाऱ्याची, जहाजाची आणि परवान्याची वाट पाहत त्याला तेथे काही आठवडे काढावे लागत. म्हणजे नाइलाजाने का होईना, तो पर्यटक होई. त्याच्यासाठी राज्याने सान मार्कोच्या चौकात आणि रिआल्तोवर अधिकृत वाटाडे नेमले होते. त्यांना ‘तोलोमाझी’ म्हणत. उतरण्याची जागा मिळवून देणे, नाणी बदलून देणे, जहाजाच्या कप्तानाशी करार करताना मध्यस्थी करणे ही त्यांची कामे. आपल्याकडचा क्षेत्रोपाध्याय डोळ्यांपुढे आणावा, फक्त तो सरकारी देखरेखीखाली आहे अशी कल्पना करावी. जहाजावर दिवसातून दोन वेळा शिजवलेले अन्न मिळेल, अशा तऱ्हेच्या अटी करारात असत आणि त्या मोडल्या तर दाद मागता येई. १४८३ साली दुसऱ्या खेपेस यात्रेला निघालेल्या फेलिक्स फाब्री या उल्मच्या धर्मगुरूने आपल्या सरायीची मोठी मजेदार हकीकत लिहून ठेवली आहे. मालकापासून नोकरांपर्यंत सगळे तेथे जर्मन बोलत. सरायीच्या कुत्र्यालाही ही शिस्त ठाऊक होती. जर्मन पाहुणा कोणत्याही प्रांतातून आलेला असो, त्याचे तो शेपूट हलवून स्वागत करी. इटालियन किंवा फ्रेंच माणूस दिसला की मात्र अंगावर धावून जाई. फाब्रीला हे पाहून धन्य वाटले. ज्या शहरात आपण उतरलो आहोत त्याच शहराच्या माणसांवर हा कुत्रा भुंकतो आहे, हे त्याच्या ध्यानात आले की नाही कोण जाणे. पाहुण्यासाठी आखलेल्या जागेत स्थानिक माणूस परका ठरतो, याचे इतके जुने आणि इतके निरागस उदाहरण आमच्या वाचनात दुसरे नाही.

तथापि प्रजासत्ताकाकडे आणखी एक साधन होते. महामारीने लोकसंख्या घटली की बाहेरून आलेल्यांसाठी नागरिकत्वाच्या अटी सैल केल्या जात. १३४८ च्या काळ्या मृत्यूनंतर हेच झाले. काल आलेला परका उद्याचा रहिवासी होऊ शके. सोळाव्या शतकात या नगरीत दीड लाखांहून अधिक माणसे राहत होती, आणि त्यांतल्या कित्येकांचे आजेपणजे कधी तरी बाहेरून आलेले होते.

अठराव्या शतकात व्यापार ओसरला आणि पाहुण्याचे रूप पालटले. वखारीत उतरणाऱ्या व्यापाऱ्याच्या जागी इंग्लंडचा उमराव पुत्र आला. कार्निव्हल महिनोन्महिने चाले. १६३८ पासून तर राज्याचाच जुगारखाना होता, तो १७७४ साली बंद झाला. या काळाविषयी लिहिताना सगळे जण मुखवट्यांविषयी लिहितात, म्हणून आम्ही त्यांना वगळतो आणि थेट गोल्दोनीकडे वळतो.

कार्लो गोल्दोनीची ‘इल कांपिएल्लो’ ही १७५६ सालची सुखात्मिका आपल्याकडे फारशी कोणी शिकवत नाही. ‘कांपिएल्लो’ म्हणजे घरांच्या मधला लहानसा चौक. आपल्या वाड्याच्या चौकाशी त्याचे जवळचे नाते आहे. नाटक व्हेनिसच्या बोलीत आणि पद्यात आहे. कथानक म्हणण्यासारखे फार काही घडत नाही. मुली खिडक्यांतून ओरडतात, पोरगा खेळाची हाळी देतो, तळलेले गोड पदार्थ विकणारी बाई आपल्या मुलाच्या लग्नाचे जुळवते, दोन तरुणींची जुंपते आणि समेटही होतो. या चौकात एक सराय आहे आणि तीत नेपल्सचा एक सरदार उतरला आहे. त्याला हा गोंधळ फारच आवडतो. तो खाली येतो, बायकांशी गप्पा मारतो, सगळ्यांना जेवण घालतो. त्याच्या दृष्टीने कांपिएल्लो हाच मोठा खेळ आहे. पुढे कळते की त्याच्या खिशात फारसे काही उरलेले नाही. चैनीपायी त्याने सारे उडवले आहे. चौकात गास्परिना नावाची एक मुलगी आहे. आपण इतरांहून वरच्या दर्जाच्या आहोत असे दाखवण्यासाठी ती नाजूक, बोबडे बोलते. सरदार तिच्याशी लग्न ठरवतो आणि तिला घेऊन जायला निघतो. शेवटी ती व्हेनिसचा निरोप घेते.

या नाटकात पाहुणा आहे, तो हौसेने पाहतो आहे, पैसे उधळतो आहे. पण चौक त्याच्यासाठी मांडलेला नाही. बायका भांडतात त्या आपापल्या कारणांनी. तो नसता तरी त्या भांडल्याच असत्या. गोल्दोनी पाहुण्याच्या खिडकीतून चौक दाखवत नाही, चौकातून पाहुण्याची खिडकी दाखवतो. आमच्या मते व्हेनिसविषयीच्या साहित्यात हे इतक्या सहजपणे पुन्हा फारसे कधी घडले नाही. १७६२ साली गोल्दोनी स्वतः पॅरिसला निघून गेला तो परतला नाही. १७९३ साली तेथेच वारला. चार वर्षांनी, मे १७९७ मध्ये, नेपोलियनपुढे प्रजासत्ताकही संपले.

त्यानंतर व्हेनिसविषयी लिहिणारे जवळजवळ सगळे मोठे लेखक बाहेरून आलेले आहेत, आणि त्यांना मृत्यूचे वेड आहे. बायरन १८१६ साली आला, तीनेक वर्षे राहिला. त्याच्या ‘चाइल्ड हॅरल्ड’च्या १८१८ च्या चौथ्या सर्गाने युरोपच्या वाचकाला व्हेनिस म्हणजे पाण्यावरचे भग्न वैभव, हे समीकरण शिकवले. हे अगदीच खोटे होते असे नाही. प्रजासत्ताक कोसळल्यावर रोजगार गेला होता, माणसे कमी होत होती, वाडे विकले जात होते. परंतु दारिद्र्य वेगळे आणि मृत्यू वेगळा. दरिद्री माणसाला काही हवे असते. मेलेल्याला फक्त अश्रू लागतात, आणि ते पाहुण्याला परवडतात.

या संदर्भात १८४८-४९ सालची घटना आठवावी. २२ मार्च १८४८ रोजी दानिएले मानिनच्या नेतृत्वाखाली व्हेनिसने ऑस्ट्रियाची सत्ता झुगारली आणि सुमारे सतरा महिने आपले प्रजासत्ताक टिकवले. वेढा, तोफा, उपासमार, शेवटी कॉलरा. १८४६ साली सुरू झालेल्या रेल्वेपुलाच्या काही कमानी त्यांनी शत्रूला रोखण्यासाठी स्वतःच्या हातांनी उडवल्या. ऑगस्ट १८४९ मध्ये शहर शरण गेले. ज्यांना मृत म्हणून गौरवले जात होते ती ही माणसे.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात जॉन रस्किन आपली पत्नी एफी हिच्यासह तेथे आला. तोफांनी आपल्या लाडक्या इमारतींचे किती नुकसान केले याची त्याला चिंता होती. त्या मुक्कामांतून ‘द स्टोन्स ऑफ व्हेनिस’चे तीन खंड १८५१ ते १८५३ या काळात निघाले. रस्किनची थोरवी आम्ही नाकारत नाही. गॉथिक कारागिराच्या श्रमाला त्याने जे मोल दिले त्यातून पुढे विल्यम मॉरिससारखी माणसे घडली. पण हा कारागीर चारशे वर्षांपूर्वीचा होता. सान मार्कोच्या आसपास वावरणारे जिवंत व्हेनिसवासी पुस्तकात येतात ते आळशी, रिकामटेकडे, पूर्वजांच्या दगडांना नालायक असे. रेल्वेपुलाविषयी त्याने जितका विषाद व्यक्त केला तितका तो पूल उडवून उपाशी राहिलेल्यांविषयी केला नाही. एफीने घरी पाठवलेल्या पत्रांत मात्र थंडीच्या रात्री पुलांच्या कडेला अंग मुडपून झोपलेले गरीब दिसतात. ती पत्रे १९६५ साली प्रसिद्ध झाली. ‘द स्टोन्स’ तोवर शंभर वर्षे पाहुण्यांच्या सामानातून व्हेनिसला येत-जात होते.

या काळातला आणखी एक धागा सोडून चालणार नाही. सुशिक्षित पाहुण्याला रहिवाशापेक्षाही अधिक खुपतो तो दुसरा पाहुणा. टॉमस कुकने १८६४ सालापासून इंग्रज मध्यमवर्गाच्या टोळ्या इटलीत आणायला सुरुवात केली. चार्ल्स लीव्हर या कादंबरीकाराने, जो तेव्हा इटलीत ब्रिटिश वकील म्हणून काम करीत होता, त्यांच्यावर तुफान टीका केली. ऑस्ट्रेलियाने नाकारलेले कैदी इंग्लंड आता इटलीत सोडते आहे, अशी अफवा आपणच पिकवल्याची त्याने फुशारकीही मारली. विनोद म्हणून हे सोडून देता येईल. पण ‘मी प्रवासी, तो पर्यटक’ हा भेद येथे पक्का झाला, आणि आजच्या अतिपर्यटनाच्या चर्चेतही तो पुष्कळदा वेष बदलून वावरतो.

हेन्री जेम्सचा १८८२ सालचा व्हेनिसवरचा निबंध या सगळ्यांहून सूक्ष्म आहे, कारण जेम्सला आपल्या भूमिकेतली अडचण कळते. या शहराविषयी नवे काही सांगण्याचा आव आणणे उद्धटपणाचे आहे, हे तो सुरुवातीलाच कबूल करतो. लोकांची हलाखी हीही देखाव्याचा भाग झाली आहे, आणि स्थानिक रंगाच्या खऱ्या भोक्त्याला ती आनंदाचाही भाग वाटेल, असे तो जवळजवळ ओशाळून नोंदवतो. आणि याच निबंधात तो म्हणतो, की आजचे व्हेनिस म्हणजे एक अवाढव्य संग्रहालय असून त्याचे प्रवेशाचे छोटे फाटक सारखे कुरकुरत फिरत असते आणि आपण इतर बघ्यांच्या कळपाबरोबर आत ढकलले जातो. हे फाटक वाचकाने ध्यानात ठेवावे. जेम्स हे लिहीत होता तेव्हा या संग्रहालयात सव्वा लाखाहून अधिक माणसे स्वयंपाक करीत होती, मुले वाढवीत होती. शिवाय संपही करीत होती. १८८१ साली कालव्यांत वाफेच्या बोटी सुरू झाल्या तेव्हा गोंडोलावाल्यांनी काम बंद ठेवले होते. बाहेरच्या रसिकांना या बोटी असभ्य वाटल्या. कामावर जाणाऱ्याला त्या हव्या होत्या.

टोमास मानची ‘डेथ इन व्हेनिस’ ही १९१२ सालची दीर्घकथा आपल्या वर्गांतून सौंदर्य आणि वासना यांच्या द्वंद्वाची कथा म्हणून शिकवली जाते. ती तशी आहेच. परंतु ती पर्यटनाच्या अर्थकारणाची कथाही आहे, हे सांगायला आपण विसरतो. शहरात कॉलरा आला आहे. नगराधिकारी ते लपवतात, कारण बातमी फुटली तर हॉटेले, दुकाने, नुकतेच उघडलेले चित्रप्रदर्शन, सगळ्यांचेच नुकसान होईल. पत्ता लागतो तो एका प्रवासकचेरीतल्या इंग्रज कारकुनाकडून. मान स्वतः १९११ साली तेथे गेला होता आणि त्या वर्षी इटलीत कॉलऱ्याची साथ होती. अतिथीवर जगणारे शहर अतिथीपासून काय लपवील, हे त्याने निर्दयपणे दाखवले. पण त्याच्याही कथेत व्हेनिसवासी आहेत तरी कोण? परवाना नसलेला गोंडोलावाला, लाघवी गायक, केसांना कलप लावणारा न्हावी, गोड बोलणारा व्यवस्थापक. सगळे सेवेकरी आणि सगळेच थोडे लबाड. ज्यांच्या घरात साथ शिरली ती माणसे कथेत जवळजवळ दिसत नाहीत. सगळी कथा आशेनबाख या एका पाहुण्याच्या मरणाची आहे.

आता घरांकडे वळू. १९५१ साली व्हेनिसच्या जुन्या शहरात सुमारे १,७५,००० माणसे राहत होती. त्यानंतरच्या पंचवीस-तीस वर्षांत जी गळती लागली तिचे मुख्य कारण पर्यटक नव्हते. ओलसर तळमजले, दुरुस्तीचा न परवडणारा खर्च, मार्गेराचे कारखाने आणि मेस्त्रेची नवी, कोरडी, मोटार दारात उभी करता येईल अशी घरे, यांनी माणसे जमिनीकडे ओढली. ४ नोव्हेंबर १९६६ च्या पुरात पाणी १९४ सेंटिमीटरवर चढले आणि तळमजल्यावर राहणाऱ्या पुष्कळांनी ते वर्ष अखेरचे मानले. रिकाम्या झालेल्या घरात पाहुणा शिरला तो नंतर. एकदा शिरल्यावर मात्र त्याने भाव असा चढवला, की गेलेल्याच्या मुलाला परत येणे अशक्य झाले. हा क्रम उलटा मांडला की इतिहासही चुकतो आणि उपायही चुकतो. शिवाय पाहुण्याला घर भाड्याने देणारा मालक अनेकदा व्हेनिसचाच असतो. तो स्वतः मेस्त्रेत राहतो आणि आजीच्या घराचे भाडे घेतो. त्याला खलनायक ठरवणे सोपे आहे. त्याच्या जागी आपण काय केले असते हे सांगणे तितके सोपे नाही.

मेस्त्रे आणि मार्गेरा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच व्हेनिसच्या नगरपालिकेत सामील केले गेले. त्यामुळे जुन्या शहराचा कारभार ठरवणाऱ्या मतदारांपैकी बहुसंख्य आज त्या शहरात राहत नाहीत. वेगळी नगरपालिका मागणारे सार्वमत १९७९ पासून २०१९ पर्यंत पाच वेळा झाले, पाचही वेळा फसले. वृत्तपत्रांतल्या लेखांत ही गोष्ट सहसा येत नाही, आणि आम्हांला ती जहाजांपेक्षाही महत्त्वाची वाटते.

१९५६ साली मेरी मॅकार्थीने आपल्या व्हेनिसवरच्या पुस्तकात एक वेगळाच सूर लावला. पर्यटकांच्या व्हेनिसमागे कोठे तरी खरे व्हेनिस दडले आहे ही समजूतच भ्रामक आहे, पर्यटकांचे व्हेनिस हेच व्हेनिस, असे तिचे म्हणणे. या विधानात धिटाई आहे आणि दांभिक रसिकतेवरचा तडाखाही आहे. पण ती हे लिहीत होती तेव्हा तिच्या खिडकीखाली दीड लाखाहून अधिक माणसांचे शहर होते. तिची घरमालकीणच पुस्तकातले सर्वांत जिवंत पात्र आहे.

१५ जुलै १९८९ रोजी ‘पिंक फ्लॉइड’ या वाद्यवृंदाने सान मार्कोसमोर पाण्यावर तरंगत्या मंचावरून कार्यक्रम केला. सुमारे दोन लाख माणसे लोटली. स्वच्छतागृहे नव्हती, कचरा उचलायला कोणी नव्हते. लोकांच्या संतापापुढे महापौर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पायउतार व्हावे लागले. ती रात्र होती रेदेंतोरेच्या सणाची. १५७५-७७ च्या महामारीतून सुटल्याबद्दलचा हा व्हेनिसकरांचा घरगुती सण, होड्यांत बसून जेवण्याचा आणि आतषबाजी पाहण्याचा. घरच्या लोकांना त्यांच्याच सणाच्या दिवशी पाहुण्यांनी दाराबाहेर लोटले, ही बोच कचऱ्याहून खोल होती. दुसऱ्याच वर्षी, २००० सालचे जागतिक प्रदर्शन व्हेनिसमध्ये भरवण्याची मागणी इटलीच्या सरकारने मागे घेतली.

२००८ साली रिआल्तोजवळच्या सान बार्तोलोमेओ चौकातल्या एका औषधाच्या दुकानाच्या काचेत रहिवाशांच्या संख्येचा फलक लागला. नोव्हेंबर २००९ मध्ये तो आकडा ६०,००० च्या खाली गेल्यावर काही रहिवाशांनी मोठ्या कालव्यातून एक शवपेटी नेली आणि शहराची अंत्ययात्रा काढली. जगभरच्या वार्ताहरांनी तिची छायाचित्रे घेतली. आम्हांला या प्रसंगात एक विलक्षण गोष्ट दिसते. आपले ऐकले जावे म्हणून व्हेनिसच्या माणसांना बायरनची भाषा उसनी घ्यावी लागली. आम्हांला परवडणारी घरे हवीत, शाळा हव्यात, असे म्हणून भागले नाही. आम्ही मेलो, असे म्हणावे लागले. आणि ही अंत्ययात्राही काठावरच्या पाहुण्यांसाठी एक देखावा ठरली.

त्यानंतरच्या गोष्टी बहुतेकांना ठाऊक आहेत. जून २०१९ मध्ये एक प्रचंड जहाज धक्क्यावर आदळले. १ ऑगस्ट २०२१ पासून २५,००० टनांहून मोठ्या जहाजांना ज्युदेक्का कालव्यात मनाई झाली, आणि त्यामागे रहिवाशांची अनेक वर्षांची चळवळ होती. २०२२ साली जुन्या शहराची लोकसंख्या ५०,००० च्या खाली आली. पुढच्या वर्षी पाहुण्यांसाठीच्या खाटांची संख्या रहिवाशांहून अधिक झाल्याचे स्थानिक कार्यकर्त्यांनी दाखवून दिले. जर्मन व्यापाऱ्यांची ती जुनी वखार पुढे जकातघर झाली, मग अनेक वर्षे टपालकचेरी होती, म्हणजे रहिवाशाच्या उपयोगाची होती. २०१६ साली तिचे आलिशान वस्तूंचे दालन झाले, आणि २०२५ मध्ये तेही तोट्याच्या कारणाने बंद पडले.

एप्रिल २०१८ च्या अखेरीस नगरपालिकेने शहराच्या तोंडाशी, दोन पुलांपाशी, खरोखरीची फिरती फाटके बसवली. जेम्सची प्रतिमा १३६ वर्षांनी लोखंडात उतरली. काही आंदोलकांनी त्यांतले एक फाटक उखडून काढले. त्यानंतर पर्याय आला तो प्रवेशशुल्काचा. २५ एप्रिल २०२४ पासून, ठरावीक गर्दीच्या दिवशी, मुक्काम न करणाऱ्या पाहुण्याने पाच युरो भरावेत आणि मोबाइलवर पावती दाखवावी, असा नियम झाला. त्या वर्षी असे २९ दिवस होते, २०२५ साली ५४. आणि शेवटच्या चार दिवसांत नोंदणी करणाऱ्याला दहा युरो. पहिल्या वर्षी वीस लाखांहून अधिक युरो जमले, गर्दी मात्र डोळ्यांत भरेल इतकी घटली नाही. २५ एप्रिल हा सान मार्कोचा दिवस आणि फॅसिझमपासून मुक्तीचाही दिवस. त्याच दिवशी रहिवासी रस्त्यावर उतरले. वरवर पाहता हे चमत्कारिक आहे, कारण शुल्क त्यांच्यासाठीच लावले होते. परंतु तिकीट लागते ते नाट्यगृहाला किंवा संग्रहालयाला, गावाला नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. हे शुल्क पडते कोणावर, हेही पाहावे. जो रात्रीच्या मुक्कामाचे पैसे देऊ शकतो त्याला ते माफ आहे. पडते ते सकाळच्या आगगाडीने येऊन संध्याकाळी परतणाऱ्यावर, म्हणजे लीव्हरने ज्याची टर उडवली होती त्याच्याच वारसावर. मुक्कामी पाहुण्याच्या खाटेनेच रहिवाशाचे घर खाल्ले आहे, याची दखल हे फाटक घेत नाही. प्रजासत्ताकाचे तोलोमाझी निदान पाहुण्याच्या उतरण्याची व्यवस्था पाहत. आजचा तपासनीस फक्त पावती पाहतो.

तिझियानो स्कार्पा हा व्हेनिसमध्ये जन्मलेला लेखक. २००० साली त्याने आपल्या गावाची एक वाटाडी-पुस्तिका लिहिली. तिची प्रकरणे शरीराच्या अवयवांवरून आहेत: पाय आधी येतात आणि डोळे सर्वांत शेवटी. पाहुण्याची पुस्तके डोळ्यांपासून सुरू होतात. पूल चढून-उतरून पोटऱ्या कशा होतात, हे रहिवाशाला आधी ठाऊक असते. व्हेनिसचे साहित्य शिकवताना मान आणि जेम्स यांच्या शेजारी गोल्दोनीचा कांपिएल्लो आणि ही लहानशी पुस्तिका ठेवावी, अशी आमची सूचना आहे. मराठी प्रवासवर्णनांतले व्हेनिसही बऱ्याच अंशी इंग्रजी पुस्तकांच्याच डोळ्यांनी पाहिलेले आहे, हे तेव्हा आपोआप लक्षात येईल.

प्रवेशशुल्काच्या नियमावलीत माफीची यादी लांबलचक आहे. चौदा वर्षांखालील मुले, विद्यार्थी, कामावर येणारे, मुक्कामी पाहुणे. तीत आणखीही एक नोंद आहे: ज्यांचा जन्म व्हेनिसमध्ये झाला, ते आज कोठेही राहत असले तरी त्यांना शुल्क नाही. मात्र जन्माचा पुरावा जवळ बाळगावा लागतो.